वेबसाइटचं आवतण

देवळ्यात कुणाकडे लग्न निघालं की आवतण द्यायला केरूनाना देवरे जात. हा त्यांचा धंदा नव्हता. धंदा शेतीचा होता आणि ती त्यांचे भाऊ करत. नानांना वेगळं काम होतं. कुणाला घरी जाऊन सांगायचं, कुणाला वाटेत सांगितलं तरी चालेल आणि कोण एकदाच सांगितलं म्हणून रुसेल, हे त्यांना पाठ होतं. पुढे लोक पत्रिकेचा फोटो मोबाइलवर पाठवू लागले आणि नाना एकाएकी निवृत्त झाले.

त्याच सुमारास त्यांची सून उज्वला नाशिकहून वेब डिझाइनचा कोर्स करून आली आणि वरच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून बसली. अडचण एवढीच, की ती खोली सासूच्या, म्हणजे लंकाबाईंच्या, वाळवणाची होती. लंकाबाई भांडणाऱ्या नव्हत्या, अटी घालणाऱ्या होत्या.

“माझ्या कुरडयांचीच वेबसाइट कर,” त्या म्हणाल्या. “आखाजीच्या सांजेपर्यंत एका तरी परक्या माणसानं कुरडया मागितल्या, तर खोली तुझी. नाय तर कॉम्प्युटर उचल. आन् नातेवाईक धरायचे नाय.”

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, अजून लांब होती. शेवटचं कलम मात्र अवघड होतं. देवऱ्यांच्या नात्यात नाही असा माणूस तालुक्यात शोधावा लागतो.

नाना सुनेच्या बाजूने उभे राहिले. रोज दुपारी ते वरच्या खोलीत जाऊन बसत आणि उज्वला त्यांना धंद्यातले शब्द समजावून सांगे.

“डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव, नाना. आणि होस्टिंग म्हणजे ती जिथे ठेवलीय ती जागा.”

“म्हणजे घराची पाटी आन् खालचा प्लॉट. प्लॉट केवढाय आपला?”

“लहान. स्वस्तातला घेतलाय.”

“हां. बरं, ते बाऊन्स रेट काय म्हणत होतीस?”

“लोक येतात, पहिलं पान बघतात आणि लगेच निघून जातात. शंभरातले किती तसे जातात, तो बाऊन्स रेट.”

“मांडवात डोकावून, स्वयंपाकाचा वास घेऊन जाणारे. लय पाह्यलेत.”

कुकीज म्हणजे मागच्या खेपेला कोण आलं होतं आणि त्याला काय आवडलं, याची आठवण ठेवणं. हे नाना जन्मभर करत आले होते, फक्त परवानगी विचारत नव्हते. एसईओ म्हणजे शोधणाऱ्याला आपण पहिल्या पानावर दिसावं म्हणून केलेली खटपट. पंगतीत पहिल्या रांगेत बसायची हौस त्यांनी खूप बघितली होती, त्यामुळे हेही पटलं. कीवर्डवर मात्र ते अडले. लोक जे शब्द टाकून शोधतात ते आपल्या पानावर हवेत, असं उज्वला म्हणाली. तिने ‘गव्हाची कुरडई’ लिहिलं होतं.

“हे दुकानात मागतात,” नाना म्हणाले. “घरी काय मागतात ते लिही. आईसारखी कुरडई.”

“मी कुणाकुणाची आई होऊ?” खालून लंकाबाईंचा आवाज आला. पण ते शब्द राहिले.

वेबसाइट पंधरवडाभर चालूच होती. उद्घाटन तेवढं व्हायचं होतं. नवीन पुलाचं असतं तसं. येणारे येत होते, मागत कुणी नव्हतं. आखाजी जवळ आली तसे नाना अस्वस्थ झाले आणि त्यांनी मार्केटिंग हातात घेतलं. म्हणजे टोपी घातली आणि बाहेर पडले. देवळ्यापासून नामपूरपर्यंत घरोघर वेबसाइटच्या नावाची चिठ्ठी देऊन सांगून आले: आखाजीला दुपारी चारच्या मुहूर्तावर सुनेच्या वेबसाइटचं उद्घाटन, सहकुटुंब यावं.

कुठे यावं, घरी की मोबाइलवर, हे सांगायचं राहिलं. आवतणात ते कधी सांगावं लागत नाही.

आखाजीला चार वाजता लंकाबाईंनी कीबोर्डला हळदकुंकू वाहिलं आणि त्याच क्षणी तालुक्यातल्या तमाम पाहुण्यांनी मोबाइल उघडले. स्वस्तातला प्लॉट तेवढी गर्दी पेलणारा नव्हता. पडदा पांढरा पडला.

“काय झालं?” नानांनी विचारलं.

“ट्रॅफिक फार झाला. सर्व्हर बसला,” उज्वला म्हणाली आणि स्वतःही खाली बसली. सांज व्हायला फार वेळ नव्हता.

तेवढ्यात दारात जीप थांबली. नामपूरचे साडू, भिमाजीतात्या, सहकुटुंब उतरले. “नाना, तुमनी वेबसाइट बंद शे,” ते अहिराणीत म्हणाले. “म्हनीसन घरच उनूत.”

मागून आणखी गाड्या आल्या. आखाजीला लेकी माहेरी आलेल्या, त्यामुळे प्रत्येक घराची संख्या वाढलेली. अंगण भरलं, आमरस पुरेना म्हणून त्यात दूध वाढलं, तात्यांनी नारळ फोडून कॉम्प्युटरवर पाणी शिंपडायचा प्रयत्न केला आणि उज्वलाने तो हसत हसत परतवला. माहेरवाशीण दारातून रिकाम्या हाताने जात नाही, म्हणून लंकाबाई एकेकीच्या ओटीत कुरडया घालत गेल्या. दिवेलागणीला पाहुणे पांगले तेव्हा डबे रिकामे होते.

गर्दी घरी आल्यामुळे सर्व्हर मोकळा झाला होता. पडदा उजळला. एक मागणी आलेली होती, चंद्रपूरहून, दिशा मेश्राम नावाच्या बाईची, पाहुणे अंगणात जेवत असतानाची. शोधताना तिने टाकलं होतं: आईसारखी कुरडई.

लंकाबाईंनी लगेच फोन लावायला सांगितला. उज्वलाकडून तो घेऊन त्या स्वतःच बोलू लागल्या.

“माहेर कुठलं तुमचं?... बरं. आन् मामाचं गाव?... मालेगावकडं कुणी दिलेलं? चुलत, मावस?... नाशिकला तरी?”

पलीकडची बाई बिचारी कुरडया मागायला आली होती, तिची सोयरीक जमायची वेळ आली. शेवटी लंकाबाईंनी फोन खाली ठेवला.

“काही लागत नाय,” त्या म्हणाल्या. “परकीच हाय. चांगली हाय.”

“पण आई, कुरडया संपल्या. आता तिथं ‘आउट ऑफ स्टॉक’ लिहावं लागेल.”

“म्हंजे काय?”

“माल संपला, लोक मागतायत.”

लंकाबाईंनी हे दोनदा म्हणवून घेतलं आणि मोठ्या अक्षरात लिहायला लावलं. गहू त्यांनी त्याच रात्री भिजत घातले. वरची खोली शब्दाप्रमाणे उज्वलाची झाली. वाळवणाला जागा हवी होती, म्हणून ते नानांच्या खोलीत गेलं आणि नानांची बाज ओट्यावर आली.

ओट्यावर वारा चांगला लागतो. येणारा-जाणारा पहिल्यांदा तिथेच टेकतो, म्हणून नाना त्याला लँडिंग पेज म्हणतात.