पटावरची पोर

माझी मुलगी मतिमंद आहे. आता हे मी सरळ सांगते. आधी "तिला जरा उशिरा समजते" असं म्हणत चहाचा विषय काढायची.

ती शाळेच्या वयाची झाली तेव्हा आमच्या घरात एकच वाद होता. मेडशीच्या अलीकडच्या आमच्या छोट्या गावातली जिल्हा परिषदेची शाळा, की दूर शहरातली अशा मुलांची निवासी शाळा? लिहिणं-वाचणं गेलं खड्ड्यात. लघवीला लागली की तिनं सांगावं आणि मोठी झाल्यावर पाळीचं स्वतःचं स्वतः करावं, एवढंच मला हवं होतं. मी मेल्यावर तिचं हे कोण करणार?

एक दिवस गावातले मुख्याध्यापक स्वतः घरी आले. मी हरखून दुधाचा चहा टाकला.

"ताई, पोरीले दूर कायले पाठवता? आमी आहो ना," ते म्हणाले. मग कप खाली ठेवत हळूच म्हणाले, "पट कमी झाला का शाळा बंद पडते."

तरीही आम्ही एसटीनं शहरातली शाळा पाहायला गेलो. तिथल्या साहेबांनी तर खुर्च्या पुसून दिल्या. "नाव लावून द्या. पोरगी घरी राह्यली तरी चालते. तपासणीच्या दिवशी तेवढी आणून बसवा."

परतताना बसमध्ये मला हसूच फुटलं. लग्नाच्या पोरीला येत नाही एवढी मागणी माझ्या लेकीला आली होती. दोघांनाही तिचं नाव पाहिजे होतं, ती मात्र कोणालाच नको होती. हसता हसता रडायला लागले, तेव्हा नवऱ्यानं खिडकी लावून घेतली.

"दगडापरीस वीट मऊ," तो म्हणाला. "गावात डोयासमोर त राहीन."

ती गावातल्या शाळेत गेली. गुरुजी वाईट नव्हते, पण वर्ग सोडून तिला मोरीपर्यंत नेणार कोण? ती दाराजवळ बसायची, खिचडी खायची, चड्डी ओली झाली की कोणीतरी पोर मला बोलवायला यायची. हजेरीत तिचं नाव आलं की शेजारच्या मुली तिला ढोसायच्या. असं करता करता एक दिवस ती स्वतःहून "हजर" म्हणाली. मी वेड्यासारखी गल्लीभर साखर वाटली. मला वाटलं, आता एकेक येईल.

पुढे काही आलं नाही. दरवर्षी ती पास होऊन वरच्या वर्गात गेली आणि सातवीनंतर गावातली शाळा संपली. मी पुन्हा शहरात जाऊन पाय धरले. तिथं आता नवे साहेब होते, आणि बोलण्यावरून माणूस बरा वाटला. तिला बराच वेळ पाहून ते म्हणाले, "वय निघून गेलं, ताई. लहानपणीच लागते हे शिकवणं." आमचं काय ठरलं होतं आणि का, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं?

आता ती घरीच असते. शाळेत प्रार्थना सुरू झाली की ओट्यावर ताठ बसते. नवरा तिच्याकडे बघत नाही.

परवा तिला पाळी आली. तिला कळलंच नाही. ओट्यावर डाग पडला होता, समोरून माणसं जात होती. मी न्हाणीत पाणी काढलं आणि आतून तिला नावानं हाक मारली. ती जागची हलली नाही. तिथूनच खणखणीत ओरडली, "हजर!"