पाठ करून बसलेली म्हातारी

आपल्याच्याने यापुढे चालणे होणार नाही, हे मला त्या दगडावर बसल्यावर पक्के कळले. वर डोलमा खिंडीतल्या रंगीत पताका दिसत होत्या. कैलासाच्या परिक्रमेतली ही सर्वांत उंच जागा, अठरा हजार सहाशे फूट. ती ओलांडली की पुढे उतारच आहे, असे सगळे सांगत होते. पण माझे पाय माझे राहिले नव्हते. छातीचा भाता सारखा चालू होता, तरी हवा पुरत नव्हती. मनात एकच विचार होता. मी इथून परत फिरलो तर माझ्याबरोबर सौ.ही फिरणार, आणि आबांचा भंडारा खिंडीत न पोचताच घरी येणार.

आबा म्हणजे माझे सासरे, निमोण्याचे. आता त्यांची मुले कांदा लावतात, पण आबांचे सारे आयुष्य मेंढरांमागे गेले. पावसाळा सरला की कळप घेऊन कोकणात उतरायचे आणि पुढच्या पावसाआधी परत देशावर यायचे. सौ. लहानपणी त्यांच्याबरोबर हिंडली आहे. आम्ही दोघे कैलासाला जाणार हे कळल्यावर खाटेला खिळलेल्या आबांनी उशाची पुरचुंडी तिच्या हातात दिली होती. म्हणाले, "पोरी, ह्यो मल्हारीचा भंडारा. त्येचं मूळ घर तकडं वर हाय म्हणत्यात. माझं काय आता हुईत न्हाई. तू जाऊन उधळून ये." तिने पुरचुंडी कपाळाला लावली आणि तेव्हापासून ती कमरेची कधी सोडली नाही.

मी स्वतः भांडगावचा. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर माझी नोकरी झाली. उसाची गाडी भरलेली आली की एक वजन, रिकामी परतली की दुसरे. मधला फरक तो ऊस. गाडीवान काय म्हणतो याला काट्यावर किंमत नसते. देवावर माझी श्रद्धा होती, पण तीही जरा मोजूनमापून. यात्रेची तयारीसुद्धा मी तशीच केली. पाठीवर वजन घेऊन रोज कालव्याच्या कडेने चाललो. सामानाला मर्यादा होती म्हणून प्रत्येक वस्तू तोलून पाहिली आणि सौ.ची घोंगडी बाहेर काढली. निघायच्या दिवशी सौ. घोंगडी अंगावर घेऊनच जीपमध्ये बसली. "अंगावरचं काय तोलत न्हाईत," एवढेच म्हणाली.

आमच्या तुकडीचा वाटाड्या पासांग नावाचा नेपाळी गृहस्थ होता, शांत आणि थट्टेखोर. त्याच्याजवळ बोटाला चिमट्यासारखे लावायचे एक यंत्र होते. रक्तात प्राणवायू किती आहे ते त्यावर दिसे. मला ते फार आवडले. प्रत्येक थांब्यावर मी बोट पुढे करी. "साहब, इसकी बैटरी तो आप ही खा जाओगे," असे तो म्हणायचा. पण जसजसे वर चढलो तसतसा आकडा उतरत गेला आणि आकड्याबरोबर माझा धीरही. त्या दगडावर त्याने पुन्हा यंत्र लावले, डोळे नीट पाहिले, दोन-चार प्रश्न विचारले आणि म्हणाला, "नंबर ठीक है. यहाँ सबका इतना ही रहता है. आप डर गए हो, बस. पीछेवाले याक आने तक बैठो. फिर भी नहीं उठे, तो नीचे चलेंगे."

मी सौ.ला म्हणालो, "तू जा पुढं. मी खाली थांबतो."

"तुम्ही खाली आन् मी वर, असली यात्रा मला नगं," ती म्हणाली आणि माझ्याशेजारी बसली. तिचा हात कमरेच्या पुरचुंडीवर गेला, हे मी पाहिले. त्या वेळी मी देवाला काय म्हणालो ते खरे सांगतो. प्रार्थना अशी काही नव्हतीच. "माझा हिशेब संपला, आता तू बघ," एवढेच मनात आले.

तेवढ्यात खालून एक म्हातारी आली. तिबेटी, अंगात काळा जाड पायघोळ झगा, कमरेला पट्ट्यापट्ट्यांचे फडके, पाठीवर दोन वेण्या आणि हातात माळ. ती एकटीच परिक्रमा करत होती. आमच्यापाशी थांबून तिने सौ.च्या घोंगडीची किनार दोन बोटांत चोळून पाहिली, बाजारात बायका लुगड्याचा पोत पाहतात तशी. काहीतरी बोलली, हसली. सौ.नेही तिच्या झग्याची लोकर चोळून मान डोलावली. एकीचे दुसरीला कळले असेल-नसेल. मग म्हातारीने माझ्याकडे पाहिले, जिभेने टच् केले, थोडी वर गेली आणि आमच्याकडे पाठ करून वाटेतच बसली.

सौ. टक लावून बघत राहिली आणि एकदम हसायला लागली.

"काय झालं?" मी विचारले.

"अवं, ती तुम्हाला चालवतीया!"

"मला?"

"दमलेलं मेंढरू खाली बसलं की त्येला मारायचं न्हाई, वढायचं न्हाई. थोडं म्होरं जाऊन त्येच्याकडं पाठ करून बसायचं. मागं वळून बघायचं न्हाई. बघितलं की ते आजून बसतं. न्हाई बघितलं की आपसूक उठून येतं. आबा आसंच करायचे."

मला राग आला. "म्हणजे मी मेंढरू का?"

"मग काय वाघ हाय व्हय? उठा!"

रागाच्या भरात मी उठलो. पासांग यंत्र घेऊन पुढे आला, तर मी हात मागे घेतला. का घेतला ते आजही नीट सांगता येणार नाही. मला फक्त ती पाठ दिसत होती. मी जवळ पोचलो की म्हातारी उठे, थोडी वर जाई आणि पुन्हा पाठ करून बसे. एकदाही तिने मागे पाहिले नाही. मी किती चढलो, किती उरले, हे मी पाहिलेच नाही. काट्यावर आयुष्य गेलेल्या माणसाने सांगू नये, पण मोजणे सुटल्यावर अंगावरचे ओझे उतरल्यासारखे वाटले. श्वास तसाच लागत होता, पण मी त्याच्याशी भांडत नव्हतो. मान वर केली तेव्हा डोक्यावर पताका फडफडत होत्या.

सौ.ने पुरचुंडी सोडली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. गडावर उधळतात तसा तिने मूठभर भंडारा वर उधळला आणि "येळकोट येळकोट जय मल्हार!" म्हणून ओरडली. खिंडीत वारा समोरून येतोय हे दोघांच्याही ध्यानात नव्हते. सगळा भंडारा उलटा आला. माझे तोंड, पासांगचा काळा चष्मा, शेजारी उभ्या याकाची मान आणि त्या म्हातारीचे डोके, सगळे पिवळे झाले. पर्वताच्या वाट्याला चिमूटभरही गेला नसेल. सौ. घाबरून बघत राहिली. म्हातारीने डोक्यावरून हात फिरवला, पिवळी बोटे न्याहाळली, कपाळाला लावली आणि दात नसलेल्या तोंडाने खदखदून हसली. मग आम्ही सगळेच हसलो. त्या उंचीवर हसायला किती हवा लागते हे तिथे हसलेल्यालाच माहीत!

आम्ही नमस्कार करेपर्यंत ती उतरणीला लागलीसुद्धा. मी पासांगला म्हणालो, "त्यांनी माझ्यासाठी केवढं केलं!" तो म्हणाला, "साहब, बूढ़ी है. थकती है तो बैठती है." तसेही असेल. मी दोन्ही गोष्टी इथे लिहून ठेवल्या आहेत. यातली कोणती खरी हे ठरवण्याचा काटा माझ्याजवळ नाही, आणि तो असावा असे आता वाटतही नाही.

परत आल्यावर आम्ही आधी निमोण्याला गेलो. सौ.ने भंडाऱ्याची फजिती बिचकतच सांगितली. आबा म्हणाले, "लागायचा त्येला लागला की गं! देव काय फकस्त डोंगरातच बसतो व्हय?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जावईबापू, म्हातारीनं बरूबर वळखलं तुम्हाला!" घरातले सगळे हसले, मीही हसलो.

मी त्यांना कैलासाचा फोटो दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, बराच वेळ पाहिला. वरून बर्फाने पांढरा, खाली रुंद, काळा. मग हळूच म्हणाले, "ह्यो बी पाठ करूनच बसलाय की."

तो फोटो आता आमच्या देव्हाऱ्यात आहे. पूर्वी अडचण आली की देवाने आपल्याकडे बघावे म्हणून मी कासावीस व्हायचो. आता हात जोडतो, त्या पाठीकडे पाहतो आणि उठून चालू लागतो. तो थांबलेला आहे, एवढे मला पुरते.