भाटघरच्या वरच्या अंगाला एक मोकळी जागा

पुण्याहून सर्व्हिस मोटारीने निघालो तेव्हा पत्नीला जाऊन वर्ष होत आले होते. शाळेसाठी भूगोलाचे पुस्तक लिहीत होतो. माणसे कोठे आणि का वसतात, हा धडा घरात बसून पुरा होईना. म्हणून भाटघरच्या धरणामुळे वर सरकलेली गावे पाहायचे ठरवले.

नसरापूरच्या पुढे मोटारीचे चाक पंक्चर झाले. ते दुरुस्त होईपर्यंत आम्ही सगळे उतारू आंब्याच्या सावलीत बसलो. भाटघरला पोचेतो दुपार टळली. उन्हाळ्याने पाणी उतरले होते आणि काठच्या गाळात बुडालेल्या गावाची जोती उघडी पडली होती.

नवे गाव उतारावर होते. धोंडिबा नावाच्या वृद्ध शेतकऱ्याने घरी ठेवून घेतले. नाचणीची भाकरी आणि घुटं (उडदाच्या डाळीचे दाट कालवण) जेवताना त्यांनी सांगितले, की वर येताना लोकांनी शेजार मोडला नाही. खाली ज्याच्या भिंतीला ज्याची भिंत होती, तीच इथे. त्यापायी काहींना पाणी लांब पडले, पण क्रम तोच राहिला.

त्यांच्या घराशेजारी मात्र एक जागा मोकळी होती. तिथे शेळी बांधलेली. ती जागा त्यांच्या धाकट्या भावाची, मालूची. तो मुंबईला गिरणीत गेला आणि गेल्या पावसाळ्यात तिकडेच वारला. मागे कोणी नाही. गावातल्या किसनला ती जागा हवी होती. त्याच्या भावांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती, बायको गरोदर होती आणि पावसाच्या आत छप्पर उभे राहायला हवे होते. पण धोंडिबांच्या शब्दावाचून तिथे कोणी खुंट ठोकला नसता.

सकाळी किसन दोरी आणि खुंट घेऊन आला आणि नुसता उभा राहिला. समोरच्या आनसाबाई दारातूनच म्हणाल्या, "भावाच्या जागंत शेरडू चालतंय व्हय आबा, आन् लेकुरवाळी नगं?"

धोंडिबा माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमच्या बुकात काय लिवलंय?"

पुस्तकात पाणी, जमीन आणि वाट आहे, गेलेल्याच्या जागेविषयी काही नाही, असे मी सांगितले.

धोंडिबांनी शेळी सोडून आपल्या दारात बांधली. किसनने अदबीने त्यांच्या भिंतीपासून चांगले अंतर सोडून खुंट ठोकला. धोंडिबांनी तो उपटला आणि भिंतीलगत रोवला.

"लांब नगं. खालच्या गावात मालू खोकला तरी मला घरात ऐकू यायचं."

"आबा, पोर रातभर रडंल," किसन म्हणाला.

"रडू दे की."

आनसाबाई पदराआड हसल्या. मी दुपारच्या मोटारीने परत निघालो. पाणी, जमीन, वाट ही कारणे वाटेत मनात जुळवली. शेजार हे कारण मुलांना परीक्षेत लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही; तरी घरी आल्यावर ते धड्यात घातले. लिहिताना खिडकी उघडी ठेवली होती. पलीकडच्या घरात कोणीतरी भांडी घासत होते. ती संपेपर्यंत ऐकत बसलो.