केसाळ पानावरची माशी

माझी मावशी छत्तीस वर्षं कीटकांच्या एका प्रयोगशाळेत काचपट्ट्या करायची. घरात तिला सगळे माशीमावशी म्हणत आणि ती बिनतक्रार ओ द्यायची. पांढरी माशी कुठल्या जातीची, ते ती उडताना ओळखता येत नाही. सगळ्या पिठात लोळल्यासारख्या दिसतात. ओळख पटते ती पिल्लू पानाच्या पाठीवर सोडून जातं त्या रिकाम्या कोषावरून. टाचणीच्या डोक्याहून लहान असा तो कोष मावशी बारीक कुंचल्याने उचलायची, रंगवायची, लवंगेच्या तेलात ठेवून काचेखाली बसवायची. काचपट्टीच्या चिठ्ठीवर ‘ओळखणार’ या शब्दापुढे मात्र नेहमी साहेबांचं नाव.

निवृत्तीच्या वर्षी तिला एका केसाळ पानावर वेगळाच कोष सापडला. पाठीवर लांब केसांच्या सहा जोड्या. असा कुठे नोंदलेलाच नव्हता.

साहेब म्हणाले, “बाई, ही नवी जात. हिला तुमचंच नाव देऊ.”

मावशीने घरी हे हळूच सांगितलं. तिच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या काकांनी, ते जिन्यावरच्या प्रत्येक दाराला सांगितलं. मावशीला ते नाव हवं होतं. दुसरं काही तिने इतकं मनापासून मागितलेलं मला आठवत नाही.

पण इतक्या वर्षांची खोड जाते थोडीच! साहेबांचा लेख छापायला जायच्या आधी तिने त्या केसाळ पानांवरच्याच माश्या जाळीच्या पिंजऱ्यात, गुळगुळीत पानांच्या रोपावर सोडल्या. पिल्लं वाढली, कोष टाकून उडाली. त्या कोषांवर एकही केस नव्हता. माशी जुनीच, सगळीकडे सापडणारी. केसाळ पानावर वाढली की तिला केस येतात, एवढंच.

बेसिनपाशी उभी राहून मावशी रडली. मग तोंड धुतलं आणि केसाळ कोषाची नि बिनकेसाच्या कोषाची, अशा दोन्ही काचपट्ट्या साहेबांपुढे ठेवल्या.

“गप्प बसली असतीस तर कुणाला कळलं असतं?” काका चिडले.

“पुढे कुणीतरी गुळगुळीत पान घेऊन बसेलच की. मग माझ्या नावावर काट मारेल. आता जिन्यावर तुम्हीच सांगा.”

काका आठवडाभर मान खाली घालून जिना चढले.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी मावशी त्या काचपट्ट्यांच्या चिठ्ठ्या लिहीत होती. वर माशीचं जुनंच नाव, आणि खाली सवयीने साहेबांचं. साहेबांनी तिचा हात थांबवला.

“बाई, ही मी कुठे ओळखली? मी तर चुकलो होतो.”

मावशीने कोरी चिठ्ठी घेतली. स्वतःचं नाव लिहायला तिला तीन चिठ्ठ्या लागल्या.