गणपाचा टाक

गणपा भेटला की रामराम करत नसे. समोरच्याच्या कमरेला मिठी घालून तो त्याला सरळ वर उचलत असे आणि खाली ठेवताना निकाल देत असे, "दादा, वाळला की हो! वहिनी जेवाय घालत न्हाय व्हय?" कोल्हापुरात गुळाच्या पेठेत मी काट्यावर वजन घेत असे आणि तो गुळाचे रवे, म्हणजे मोठाल्या ढेपा, वाहत असे. माझ्या काट्यावर त्याचा फारसा विश्वास नव्हता. "उचलल्याबिगर माणूस कळत न्हाई," असे त्याचे म्हणणे.

एकदा त्याने एका जाड्या अडत्याला भर पेठेत उचलले. अडत्या हवेत पाय झाडत ओरडू लागला, तेव्हा गणपा शांतपणे म्हणाला, "शेट, गप ऱ्हावा, माल सांडंल." पेठ दिवसभर हसत होती. संध्याकाळी अडत्याच त्याला चहा पाजताना मी पाहिला. त्याच्यावर रागावून राहणे कुणालाच जमत नसे.

कसबा बावड्यात आमची घरे लागून होती. गणपाचे वडील लहानपणीच वारलेले. घरात तो आणि त्याची आई, तुळसाकाकू. तिलाही तो सोडत नसे. पाट्यावर चटणी वाटता वाटता ती उचलली गेली की "ठेव मला, आडदांडा!" असे ओरडायची. तो म्हणायचा, "आये, निम्मी व्हाय लागलीस तू. माझ्या वाटणीचं बी खात जा."

ते दिवस महाराजांच्या कारकिर्दीतले. इंग्रज साहेबाची मोठी लढाई सुरू झाली आणि पलटणीत भरतीसाठी गावोगाव दवंडी फिरली. तालमीतले गडी निघाले, तसा हाही निघाला. भरतीच्या हवालदारालाही त्याने उचलले म्हणे, आणि त्याच दमावर निवडला गेला. तुळसाकाकू आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. निघताना मात्र तिने त्याच्या पिशवीत भाकरी आणि तिखटाचा गोळा भरला.

पुढचे मी पाहिलेले नाही. शाहूवाडीकडच्या एका शिपायाने सांगितले तसे लिहितो. तो एक पाय गमावून परत आला होता आणि कुबडी घेऊन काकूला भेटायला आला. बसऱ्याच्या पलीकडे उघड्या मैदानात त्यांची तुकडी गोळीबारात सापडली. जखमी माणसे मधेच पडून राहिली. गणपा चरातून बाहेर पडला आणि एकाला पाठीवर घेऊन आला. पुन्हा गेला, ह्या शिपायाला घेऊन आला.

"मला उचललं अन् म्हनला, 'लई हलका झालायस की रं गड्या!'" शिपाई सांगत होता. "मी म्हनलं, आता जाऊ नगंस. तर म्हनला, 'त्यो कवाधरनं हाका मारतोय, ऐकाय येत न्हाय व्हय तुला?'" तिसऱ्या खेपेला तो परत आला नाही. पुढे ती जागाच शत्रूकडे गेली. प्रेतही मिळाले नाही.

तुळसाकाकूने सगळे ऐकून घेतले, शिपायाला जेवू घातले आणि तो गेल्यावर मला म्हणाली, "मेलेला बघितला का त्यानं? न्हाय न्हवं? मग?" सरकारी तार आली तीही तिने मानली नाही. "कागूद कुणाचा बी असतोय." रोज ती दोन ताटे वाढायची. त्याच्या ताटातली भाकरी झाकून ठेवायची आणि सकाळी म्हशीला घालायची. तिला दिवस करायला सांगण्याचा धीर भावकीत कुणालाच झाला नाही.

मग शौर्याबद्दलचे पदक आले. कचेरीत समारंभ झाला, टाळ्या झाल्या, साहेबाने ते तिच्या हातात दिले. चांदीचे गोल पदक, त्यावर बादशहाचा उठावदार चेहरा. आमच्याकडे घरातले माणूस गेले की चांदीच्या पत्र्यावर त्याची आकृती ठोकून देव्हाऱ्यात पुजतात. त्याला टाक म्हणतात. काकूने पदक उलटसुलट केले, चेहऱ्यावरून बोट फिरवले आणि त्या भरल्या सभेत खालीच बसली.

"सरकारनं टाक घडवला माझ्या लेकाचा," ती म्हणाली. "जित्याचा टाक करत न्हाईत." आणि तिने हंबरडा फोडला. इतक्या महिन्यांचे तिचे पहिले रडणे ते.

घरी येताना तिने मला विचारले, "पर ही दाढी कशी वं?"

बाजारात मी छटाकभराची चूक चालू देत नसे. आता खरे सांगितले, तर रात्री पुन्हा दुसरे ताट वाढले जाणार होते. मी म्हणालो, "तिकडं रानात न्हावी कुठला, काकू?"

"व्हय की," ती म्हणाली. त्या रात्री तिने एकच ताट वाढले. दुसऱ्या दिवशी भावकीला बोलावून दिवस केले.

पुढे दरबाराला येताना पदक छातीवर लावून या, असा निरोप यायचा. ती निरोप्याला झापायची, "देव्हाऱ्यातला देव छातीवर लावत्यात व्हय रं, शाण्या?" रोज सकाळी ती ते राखेने आणि चिंचेने घासत असे, दात ओठ खाऊन, मळक्या पोराला आंघोळ घालावी तसे. अशी काही वर्षे गेली.

एका दसऱ्याला सोने द्यायला गेलो, तर तिने मला देव्हाऱ्यापाशी बोलावले. बादशहाची दाढी झिजून सपाट झाली होती, नाकडोळेही पुसट झाले होते. राहिला होता नुसता एक गुळगुळीत, तरणा गाल.

"बघा," तुळसाकाकू म्हणाली, "आता वळखू याय लागला."