कॉटवर गेलेला वैमानिक

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाशीच्या ऑफिसात डबा उघडून बसलो होतो. पलीकडून सुमनवहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले." त्यावर माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते आठवलं की अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं... मी विचारलं, "कुठं पडलं?" वहिनी म्हणाल्या, "काही पडलं नाही. कॉटवर गेले. झोपेत."

मी एकटाच असा शहाणा असतो तर एक वेळ चाललं असतं. पण पुढचे कितीतरी दिवस नेरुळला दत्ताच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी जो येई तो हेच विचारी. फवारणीच्या विमानाचा पायलट म्हणजे विजेच्या तारेत अडकून नाहीतर बाभळीवर आपटूनच मरणार, अशी लोकांची खात्री. झोपेत गेला म्हटलं की चेहरे उतरत. एका गृहस्थांनी तर "अरेरे, मग साधंच की," म्हणत शेजाऱ्यांनी आणलेला चहा पुढे ओढला. मला त्या चहाचीसुद्धा किळस आली.

आमची कंपनी म्हणजे वाशीतल्या दोन खोल्या, तुर्भ्याला औषधांचं गोडाऊन आणि एक पिवळं विमान. हंगामात ते वऱ्हाडात, खानदेशात कपाशीवर फवारणीला जाई. माझं पद जनसंपर्क अधिकारी. म्हणजे विमानाच्या आधी एसटीनं गाव गाठायचं, सरपंचांना हार घालायचा आणि धावपट्टीवरच्या म्हशी हाकलायच्या. एवढी मोठी, सपाट, फुकट जागा गावाला दुसरी कुठली मिळणार? तिथं मिरच्या वाळत, कणसं मळली जात, क्रिकेटच्या मॅची होत. पहिल्याच दौऱ्यात मी जीपमधून एक चक्कर मारली आणि दत्ताला ऐटीत सांगितलं, "पट्टी एकदम क्लीन." दत्ता साताऱ्याकडचा, विमान शिकला तरी बोलणं गावचंच ठेवलेलं. म्हणाला, "तू जिपीतनं बघितलीस न्हवं? मग मी चालत बघतो." हातात काठी घेऊन तो निघाला आणि मी मागून कुरकुरत. अर्ध्यावर एका ठिकाणी त्यानं काठी टेकली, तर ती राखेत खोल गेली. आदल्या आठवड्यात कुणाच्या तरी लग्नाचं चुलाण पट्टीच्या मधोमध खणलं होतं! दत्ता माझ्याकडे बघून म्हणाला, "पाहुणं, तुमच्या क्लीनमधी माझं आख्खं चाक मावतंय की." तेव्हापासून चार माणसांत माझी ओळख करून देताना तो "हे आमचे क्लीनसाहेब" म्हणायचा.

पण माझा खरा पराक्रम पुढेच आहे. पायलटला ओळ कळावी म्हणून शेताच्या कडेला झेंडा धरून माणूस उभा करत. विमान अंगावरून गेलं की त्यानं काही पावलं सरकायचं, पुन्हा झेंडा वर. एका सकाळी झेंडेवाला आला नाही. मी नवा सफारी घालून होतो, अंगात सेनापती संचारला, झेंडा घेतला आणि राहिलो उभा. विमान आलं, डोक्यावरून गेलं आणि मागून एक पांढरट, गुळमट, सडक्या लसणासारखा वास मारणारी चादर माझ्यावर उतरली... डोळे, नाक, तोंड, सगळं भरलं. मी बांधावर बसून ओकत होतो तेव्हा दत्तानं विमान उतरवलं. मला वाटलं, पाठीवरून हात फिरवील. तो कंपनीच्या मालकावर, शेठवर ओरडत होता, "खाली मानूस उभा करनार असाल तर मी उडनार न्हाई. बांबू रोवा, बांबूला झेंडे लावा." आमचे शेठ हसले. "कॅप्टन, बांबू स्वतः सरकत नाही." बांबू रोवायला माणसं, वेळ, खर्च. त्यापेक्षा रोजावरचा माणूस परवडतो. हे सगळं माझ्या ओकारीच्या शेजारी उभं राहून चाललं होतं.

दत्ताला स्वतःला तर वास यायचाच बंद झाला होता. रविवारी आम्ही दिवाळे गावच्या कोळीवाड्यात मासळी घ्यायला जायचो. हा बोंबील नाकाशी धरून उगाच हुंगायचा, जाणकारासारखा. एकदा तिथली एक मावशी फिसकारली, "काय सायेब, हुंगताव काय? वास तुमच्या आंगाला हाय, माज्या म्हावऱ्याला नाय!" दत्ता एवढा हसला की दोन वाटे जास्त घेतले. त्यातला एक शिळा निघाला. घरी वहिनींनी तो माझ्या पदरात घातला, कारण निवड माझी, असं दत्तानं शपथेवर सांगितलं.

मग ती सकाळ. शेठनी दुसऱ्या जिल्ह्यातल्या बड्या पार्ट्या विमान बघायला आणलेल्या. पट्टीच्या कडेला खुर्च्या, पोहे, नारळ. टाकी भरली, पंखा फिरायला लागला आणि वारं उठलं. शेतात दोघे झेंडेवाले, पलीकडच्या रानात निंदणीच्या बायका, वारं थेट त्यांच्याकडे. दत्तानं इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. शेठ धावले. "एक राउंड मारा हो. बायकांचं काय, सरकतील." दत्ता म्हणाला, "बायका सरकत्याल. वारं सरकंल का?"

"मी दुसरा पायलट आणीन, कॅप्टन!"

"आना की. फकस्त त्यो वर आसंल तवा झेंडा तुमी धरा."

पार्ट्या हसल्या. दत्ताची उडायची नोकरी त्या हसण्यात गेली. काढलं नाही त्याला, तेवढी लाज होती. तुर्भ्याच्या गोडाऊनला पिंपांवर देखरेख करायला बसवलं. भाड्याचा पायलट आला, उडाला. झेंडेवाले तसेच उभे राहिले. त्यांतल्या एकाला बैलगाडीत घालून तालुक्याला न्यावं लागलं, तर ऑफिसात सांगण्यात आलं, ऊन लागलं. दत्ता मात्र गोडाऊनच्या दारात उभा राहून आभाळाकडे बघायचा. "बोलावतील रं," म्हणायचा, "वारं मला कळतंय, त्यांना ठावं हाय." नाही बोलावलं. हे सगळं ठाऊक असून फोनवर माझ्या तोंडून 'कुठं पडलं?' निघालं! त्याला उडायचं होतं, एवढंच. माणसं न मारता उडायचं होतं.

सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. शेठनी बॅनर आणलं होतं. दत्ताच्या फोटोखाली कंपनीचं नाव मोठं आणि वर 'एकही अपघात नाही'. शेठ बोलले, "सुरक्षितता हा आमच्या कंपनीचा संस्कार. दत्ताजी त्याचं प्रतीक." सूत्रसंचालन अर्थात माझ्याकडे. संतापानं जीभ अशी वळली की माइकवर मी म्हणालो, "आता शेठजींच्या आत्म्याला शांती लाभावी म्हणून दोन मिनिटं..." मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. दत्ता गेल्यापासून पहिल्यांदाच सुमनवहिनी पदराआड हसताना दिसल्या. मुद्दाम केलंस का, असं शेठनी नंतर विचारलं. नाही हो, मुद्दाम करायची अक्कल असती तर जनसंपर्कात कशाला आलो असतो! नोकरी अजून आहे. हे छापून आल्यावर किती दिवस, ते बघायचं.

सभेनंतर शेठ वहिनींना भेटायला वर आले. म्हणाले, "ऑफिसात काचेची पेटी करतोय. कॅप्टनचा उडतानाचा एखादा शर्ट द्या. आठवण म्हणून."

वहिनी उठल्या, दार उघडून बाहेर गेल्या. जिन्यात, लाइटच्या मीटरशेजारी खिळ्याला दत्ताचा खाकी शर्ट होता. फवारणीचे कपडे त्यानं कधी उंबऱ्याच्या आत आणू दिले नाहीत; बोलावणं येईल म्हणून हा शर्ट शेवटपर्यंत टाकूही दिला नाही. शेजाऱ्यांनी वासाच्या तक्रारी केल्या, तरी तो तिथंच.

"न्या," वहिनी म्हणाल्या. "पण औषध हाताला लागेल हं. मी काठीनं काढते."

शेठचा हात अर्ध्यावर थांबला. खिशातून रुमाल निघाला, नाकाला लागला. "नंतर माणूस पाठवतो," म्हणाले आणि जिना उतरले.

माणूस अजून आलेला नाही. परवा गेलो तेव्हा शर्ट खिळ्यालाच होता. जिन्याच्या झरोक्यातून वारं आलं की त्याची बाही हलते. मी अंग चोरून आत जातो. आधी मोरीत हात धुतो, मग पाण्याला हात लावतो. वहिनी तोवर पेला हातात धरून उभ्या असतात.