सुमेधची सोबत

माही जाऊ पुष्पा बोरगावात लोकांच्या वावरात कापूस वेचते. तिचा सुमेध दिल्लीले नोकरीवर आहे. नागपूरहून त्याचं विमान उडालं का आमच्या डोक्यावरूनच जाते.

दिवाळीची सुट्टी संपवून तो गेला, त्या दिवशी पुष्पाचं एकच चालू होतं, "एकटाच गेला वं पोरगा!" तेवढ्यात आभाळात दोन विमानं अगदी जवळजवळ दिसली. तिनं ओटीतला कापूस सांडवला अन् टाळ्या पिटल्या. "पाय वं, सोबत भेटली त्याले!" सांडलेला कापूस मलेच वेचा लागला. मी लय चिडली.

दुपारी सुमेधचा फोन आला. दोन्ही विमानं एकमेकांवर आदळता आदळता राहिली होती.

तवापासून विमान आलं का पुष्पा जुवारीवरचे पाखरं हाकलल्यासारखे हात हालवते अन् म्हणते, "एकटाच जाय, बापू."